मतांची फेरमोजणी आणि पडताळणी



आपले सुरत हे व्यापारउदिमाचे शहर. येथील हिऱ्याच्या बाजारात खडा एकदा तोलून भागत नाही. देणारा तोलतो, घेणाराही आपल्या काट्यावर तोलून पाहतो, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. जो व्यवहार दुसऱ्यांदा तोलला तरी तितकाच भरतो, तोच सचोटीचा, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. मतांचा व्यवहारही याच कसोटीस उतरला पाहिजे. म्हणून मतांची फेरमोजणी कशी होते, ती केव्हा मागावी आणि केव्हा मागू नये, याचा आज आपण थोडा विचार करू.

सुरतेत नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली व १९६६ साली तिची महानगरपालिका झाली. २१ फेब्रुवारी २०२१ रोजी झालेल्या निवडणुकीत ३० प्रभागांतून १२० नगरसेवक निवडावयाचे होते. म्हणजे एका प्रभागातून चार. अशा निवडणुका घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे असते. संविधानाच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्तीने, १९९३ पासून, ही व्यवस्था देशभर लागू झाली.

मतमोजणीच्या दिवशी प्रथम मतयंत्राची मोहोर अभंग आहे किंवा नाही, हे उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवितात. नंतर यंत्रातील आकडे वाचून टिपून घेतात. मतदान संपताच केंद्राध्यक्षाने मतांचा जो हिशेब लिहून दिलेला असतो, त्याच्याशी ते ताडून पाहतात. किती मतदारांनी सही अथवा अंगठा केला आणि यंत्रात किती मतदान नोंदले गेले, यांचा मेळ बसला पाहिजे. वाण्याच्या रोजमेळात जमाखर्चाचा मेळ असावा, तसाच हा प्रकार होय.

बेरीज जाहीर झाल्यावर, परंतु निकाल घोषित होण्यापूर्वी, एक लहानसा अवकाश असतो. फेरमोजणी मागावयाची ती याच वेळी. ‘मी हरलो’ एवढे कारण पुरत नाही; कोठे व कशी चूक झाली असे वाटते, ते लेखी द्यावे लागते. निवडणूक निर्णय अधिकारी ती मागणी पूर्णतः किंवा अंशतः मान्य करतो, अथवा कारणे नमूद करून नाकारतो. निकालपत्रावर त्याची सही झाली की त्याचे अधिकार संपतात. पुढचा मार्ग न्यायालयाचा. सुरतेला लागू असलेला महानगरपालिकांचा कायदा मूळचा मुंबई प्रांताचा, १९४९ सालचा. त्यानुसार दहा दिवसांच्या आत न्यायाधीशापुढे अर्ज करावा लागतो.

फेरमोजणीचे प्रसंग तीन कारणांनी उद्भवतात. एक, अगदी अटीतटीची लढत. दुसरे, हातून झालेली चूक. आणि तिसरे, बुद्धिपुरस्सर केलेली लबाडी. प्रत्येकाचे एकेक उदाहरण पाहू.

पहिले उदाहरण मुंबईचे. २०१७ च्या महानगरपालिका निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये श्री. अतुल शाह व श्री. सुरेंद्र बागलकर या दोघांना, फेरमोजणीअंती, प्रत्येकी ५,९४६ मते पडली. अशा वेळी चिठ्ठ्या टाकतात, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत अधिक मिळाले असे मानतात. त्या दिवशी एका लहान मुलीने उचललेली चिठ्ठी श्री. शाह यांच्या नावाची निघाली. मतदानाच्या दिवशी ‘माझ्या एका मताने काय होणार?’ म्हणून घरी बसलेला त्या प्रभागातील प्रत्येक मतदार त्या चिठ्ठीला जबाबदार नव्हता काय?

दुसरे उदाहरण हरियानातील पानिपत जिल्ह्याचे. पानिपत हे नाव मराठी माणसाला सांगावयास नकोच. तेथील बुआना लाखू या गावी नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. एका मतदान केंद्रावर दोन उमेदवारांच्या आकड्यांची अदलाबदल झाली आणि वाद उभा राहिला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सर्व केंद्रांची मतयंत्रे दिल्लीस मागवून घेतली व ६ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्या निबंधकाकडून, उभय पक्षांच्या समक्ष, पुन्हा मोजणी करविली. एकाला १,०५१ व दुसऱ्याला १,००० मते निघाली, आणि गावाचा सरपंच बदलला. न्याय झाला खरा. परंतु पाच वर्षांच्या मुदतीतील पावणेतीन वर्षे तोवर निघून गेली होती. दोन आकडे लिहिताना क्षणभर लक्ष ढळले, त्याची ही किंमत!

तिसरे उदाहरण चंडीगढचे. ३० जानेवारी २०२४ रोजी तेथील महापौराची निवड झाली. एकूण मते अवघी ३६. निवडणूक घेणाऱ्या अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरविल्या आणि १६ विरुद्ध १२ असा निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २० फेब्रुवारी रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्या मतपत्रिका स्वतः पाहिल्या. त्यांवरील खुणा त्या अधिकाऱ्यानेच केल्या होत्या. आठही मते वैध ठरली, २० विरुद्ध १६ असा हिशेब झाला, आणि पराभूत ठरविलेले श्री. कुलदीप कुमार महापौर झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कागद जपून ठेवले होते, सभागृहातील छायाचित्रण उपलब्ध होते, म्हणूनच सत्य बाहेर आले. पुरावा नष्ट झाला असता तर उत्तमातला उत्तम न्यायाधीशही हतबल झाला असता.

मग कोणीही मागावे आणि न्यायालयाने फेरमोजणी द्यावी, असे का नाही? याचे कारण मताची गुप्तता. मतपत्रिका ऊठसूट उघडल्या जाऊ लागल्या तर निर्भयपणे मत कोण देईल? म्हणून निश्चित आरोप व सकृद्दर्शनी आधार असल्याखेरीज मतपत्रिका तपासावयास मिळणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच सांगितले. नुसत्या संशयाने शोध घेत फिरण्यास कायद्यात वाव नाही.

फेरमोजणी कोणीतरी मागितली तरच होते. पडताळणी मात्र कोणी न मागताही व्हावयास हवी. आपल्याकडे लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुकांत मताची छापील चिठ्ठी पेटीत पडते, आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे सोडत काढून निवडून तेथील चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्यांशी ताडतात. स्थानिक निवडणुकांत ही सोय सर्वत्र नाही. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने २०१७ पासून आणखी एक रीत राज्यभर चालू केली. तेथे सोडतीने काही मतपत्रिका काढून तपासतात. जय जितका निसटता, तितक्या अधिक मतपत्रिका. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण भात कच्चा असल्याची शंका येताच आणखी शिते चेपून पाहावीत, असा त्यातील विचार आहे.

या सर्वांचे तात्पर्य काय? निवडून आलेला उमेदवार निकाल मान्य करतोच. हरलेल्याने तो मान्य केला, तर ती निवडणूक खरी. आणि त्याचे समाधान गोड शब्दांनी होत नसते. नीट लिहिलेला आकडा, अभंग मोहोर आणि जपून ठेवलेला कागद यांनीच ते होते. पुन्हा मोजा म्हणणाऱ्याला रडव्या म्हणू नये. आणि मोजून झाल्यावरही कारणावाचून कुरकुर करणाऱ्याला भाव देऊ नये.

तुमच्या वर्गात वर्गप्रतिनिधीची निवडणूक होईल तेव्हा हे करून पाहा. चिठ्ठ्या सर्वांसमक्ष मोजा. उपस्थितांची संख्या आणि चिठ्ठ्यांची संख्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. दोन्ही बाजूंचा एकेक विद्यार्थी मोजणीस बसवा. आणि निकाल लागताच चिठ्ठ्या फाडून टाकू नका. पाकिटात घालून, वर सह्या करून, आठवडाभर वर्गशिक्षकांकडे ठेवा. बहुधा ते पाकीट कोणी उघडणार नाही. पण ते उघडता येते, एवढ्यानेच हरलेल्याचा विश्वास टिकतो, आणि निवडून आलेल्यालाही आपल्या पदाची शोभा वाटते.