गोळी कुणाला मिळणार, हे कुठे ठरते?



कोणते औषध चिठ्ठीशिवाय मिळणार, हे दुकानदार ठरवत नाही, डॉक्टरही ठरवत नाही. ते सरकारी समितीत आणि खात्यात ठरते. म्हणून तिथे कोण बसतो, हा आपल्या अंगाशी येणारा प्रश्न आहे. अमेरिकेत काय घडले ते पाहा.

2002 मध्ये बुश सरकारने डॉ. डेव्हिड हेगर यांना स्त्रियांच्या प्रजनन-औषधांच्या सल्लागार समितीवर नेमले. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते, हे खरे. येशूने स्त्रियांची काळजी कशी घेतली, यावर त्यांनी पुस्तकही लिहिले होते. डॉक्टरने घरी प्रार्थना करावी, आपली हरकत नाही. हरकत आहे ती श्रद्धा औषधाच्या निर्णयात उतरते तेव्हा.

डिसेंबर 2003 मध्ये 'प्लॅन बी' ही तातडीची गर्भनिरोधक गोळी चिठ्ठीशिवाय द्यावी का, यावर तज्ज्ञांचे मतदान झाले. 23 जण 'द्या' म्हणाले, 4 'नको' म्हणाले. त्या चौघांत हेगर होते. कोवळ्या वयाच्या मुलींबद्दल पुरेशी माहिती नाही, असे त्यांचे म्हणणे. मे 2004 मध्ये खात्याने बहुमत बाजूला सारले आणि जवळपास तेच कारण देऊन परवानगी नाकारली. पुढच्या वर्षी खात्याच्या स्त्री-आरोग्य कार्यालयाच्या प्रमुख सुसान वुड यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. 2006 मध्ये 18 वर्षांवरील स्त्रियांना गोळी खुली झाली. वयाची अट पूर्ण जायला मात्र 2013 उजाडले, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर.

त्याच 2006 मध्ये गरीब स्त्रियांच्या कुटुंबनियोजन योजनेवर डॉ. एरिक केरोक यांची नेमणूक झाली. ते ज्या ख्रिस्ती संस्थेतून आले, तिचा गर्भनिरोधके वाटण्यालाच विरोध होता! काही महिन्यांतच त्यांनी पद सोडले.

आता गोळीविषयी. संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितकी लवकर घ्याल तितकी ती उपयोगी. ती मुख्यतः बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गर्भपाताची गोळी वेगळी. ही गल्लत अमेरिकेत मुद्दाम पसरवली गेली, आपल्या वस्तीत ती अज्ञानाने होते. महिनोन्महिने वापरायचे हे साधन नव्हे. घेतल्यावर पाळी आठवड्याहून जास्त लांबली, तर लघवीची तपासणी करा.

आपल्याकडे ही गोळी 2005 पासून चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईंकडेही असते. पण हा हक्क आपोआप आलेला नाही. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला. बाळंतपणाचा भार सोसणाऱ्या बायका त्या खुर्च्यांवर जवळजवळ नव्हत्याच.

शहरी वस्त्यांत महिला आरोग्य समिती असते. आपल्या वस्तीच्या समितीत कोण आहे, बैठक कधी झाली, हे आशाताईंना विचारा. उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात. अर्ज लिहिता येत नसेल तर विहारात मुली आहेत, त्या लिहून देतील.