देव प्रेमळ, मग हे दुःख का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ऐन तिशीत कर्करोगाने गेला. चर्चमधली काही माणसं म्हणतात, घरात कुणाचं तरी पाप असणार. देव प्रेमळ असेल तर असं का?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, आधी ते पापाचं बोलणं मनातून काढून टाका. त्याला शास्त्राचा आधार नाही. एका जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं, तेव्हा येशूने त्याचं किंवा त्याच्या आईबापाचं पाप हे कारण साफ नाकारलं. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तीही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, असं त्याने सांगितलं. संकटांनी घेरलेल्या ईयोबाला दोषी ठरवणाऱ्या मित्रांवर तर देवच रागावला.

‘का?’ला धर्मपंडितांची उत्तरं वेगवेगळी. ऑगस्टीन माणसाच्या स्वतंत्र इच्छेच्या गैरवापराकडे बोट दाखवतो. पण कर्करोग काही कुणी निवडत नाही. दुःखातून माणूस घडतो, असंही काहीजण म्हणतात. मयताच्या घरी मात्र हे बोलू नये.

मला पंडिता रमाबाई जवळच्या वाटतात. 1870च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण नेली. पुढे 1896–97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली, विधवा आणल्या. पुणे–सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावात त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं. तरी 1921 साली लेक मनोरमा त्यांच्याआधी गेलीच. श्रद्धेने मरण टळलं नाही.

आपला मित्र लाजर याच्या थडग्यापाशी येशू स्वतः रडला. तुम्हीही रडा, देवाशी भांडा. स्तोत्रसंहितेत अशी भांडणं पुष्कळ आहेत. आणि पापाचं बोलणाऱ्या त्या मंडळींना जन्मांधाची ती गोष्ट, योहानाचा नववा अध्याय, वाचायला सांगा.