बंद दाराआडचे बंधुत्व : लॉज, परमहंस सभा आणि सत्यशोधक समाज

लॉज म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे एस. टी. स्थानकासमोरची, उतारूंना रात्रीपुरती खोली देणारी जागा उभी राहते. परंतु या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. शपथ घेऊन एकमेकांचे बंधू झालेल्या मंडळींच्या शाखेस व त्यांच्या बैठकीच्या जागेसही लॉज म्हणतात. जन्माने जे भाऊ नाहीत त्यांनी ठरवून भाऊ कसे व्हावे, आणि ते चारचौघांत व्हावे की दार लावून, हा अशा संस्थांमागचा खरा प्रश्न होय. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देऊन पाहिली. त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शपथेचे बंधुत्व भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यास नवे नाही. रायरेश्वरावर शिवरायांनी सवंगड्यांसह स्वराज्याची आण घेतली, ही परंपरेने चालत आलेली कथा येथील प्रत्येक मुलाच्या कानी असते. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा मावळच्या देशमुखांनी खानास मिळावे म्हणून विजापूरची फर्माने सुटली. त्या वेळी कारीचे कान्होजी जेधे पुत्रांसह शिवरायांकडे आले आणि त्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडले, असे जेधे करीना सांगतो. पुढच्याच वर्षी हिरडस मावळातील बांदलांच्या लोकांनी विशाळगडाच्या वाटेवर घोडखिंड लढवली. जेधे आणि बांदल यांचे पूर्वी वैर होते. एका कार्याने त्यांना एकत्र आणले. मात्र हे बंधुत्व रणांगणावरचे होते. रणातून परतल्यावर पंगत ज्याच्या त्याच्या जातीचीच बसे. ती पंगत मोडण्याचा प्रश्न पुढे सुमारे दोनशे वर्षांनी उभा राहिला.

दरम्यान युरोपातून फ्रीमेसन संघटना आपल्या देशात आली. दगडी इमारती बांधणाऱ्या गवंड्यांच्या जुन्या संघांची परंपरा ती सांगते. १७१७ मध्ये लंडनला तिचे पहिले ग्रँड लॉज स्थापन झाले. गुण्या, कंपास, ओळंबा ही गवंड्याची हत्यारे तिने नीतीची प्रतीके मानली. गुण्या लावून भिंतीचा कोन पाहावा, तसे माणसाने आपले वर्तन पाहावे, ही त्यामागील कल्पना. लॉजमध्ये धनी व चाकर हा भेद नाही, असे तत्त्व. पण व्यवहार निराळा होता. मुंबईचे पारशी गृहस्थ माणकजी करसेटजी यांना येथील युरोपियनांच्या लॉजांत प्रवेश मिळेना. त्यांना पॅरिसमध्ये दीक्षा घ्यावी लागली. अखेर डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज एतद्देशीयांसाठी निघाले. कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थास अनेक वर्षांच्या वादानंतर १८७२ मध्ये प्रवेश मिळाला. स्वतंत्र भारतात २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताचे स्वतःचे ग्रँड लॉज स्थापन झाले.

मुंबईत हे घडत असता तेथील सुशिक्षित मराठी तरुणांनी आपल्यापुरती एक गुप्त मंडळी उभारली. ती परमहंस सभा. १८४९ च्या सुमारास ती स्थापन झाली. मराठीचे व्याकरणकार म्हणून विद्यार्थ्यांना परिचित असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रेरक होत. त्यांनी १८४४ मध्ये सुरतेस दुर्गाराम मंछाराम यांच्यासमवेत मानवधर्म सभेचे काम केले होते. परमहंस सभेचे अध्यक्षपद राम बाळकृष्ण जयकर यांच्याकडे होते. ईश्वर एक आहे आणि मनुष्यमात्राची जात एक आहे, ही सभेची श्रद्धा. प्रवेश करणाऱ्याने जातिभेद न पाळण्याची प्रतिज्ञा करावयाची, आणि ती शब्दांपुरती राहू नये म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा व मुसलमानाने आणलेले पाणी प्यावयाचे. आज हॉटेलात बसून पाव खाणाऱ्यास यात विशेष काय, असे वाटेल. त्या काळी तो एक घास माणसाला घरादारातून उठवू शकत होता.

म्हणूनच ही मंडळी दार लावून बसत. त्यांना भित्रे म्हणून हिणवण्यापूर्वी तेव्हाची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८४३ मध्ये मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलास शुद्ध करून परत घेण्याचा प्रयत्न बाळशास्त्री जांभेकरांनी केला, तेव्हा ‘दर्पण’काराएवढ्या विद्वानासही स्वजातीयांचा रोष सोसावा लागला. जातीबाहेर टाकलेल्या माणसाच्या मुलीचे लग्न जमत नसे, आणि त्याच्या घरच्या मयताला खांदा मिळत नसे. अशा धाकात गुप्तता हे ढालीसारखे साधन होते.

परंतु ढालीमागे राहून लढाई जिंकता येत नाही. १८६० च्या सुमारास सभेचे कागदपत्र चोरीस गेले. सभासदांची नावे उघडी पडतील या भयाने मंडळी पांगली आणि सभा मोडली. दहा-अकरा वर्षांचे काम एका वहीबरोबर गेले. १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला. तो उघडपणे चालला, त्याने मोठे कार्य केले. पण सभासद होताना जात मोडलीच पाहिजे, ही अट त्याने घातली नाही. आधीच्या धक्क्यातून घेतलेली ही सावधगिरी असावी, असे वाटते.

दुसरे उत्तर पुण्यात मिळाले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. येथेही शपथ होती, सभासदत्व होते, एकमेकांना धरून राहण्याचा निश्चय होता. म्हणजे बंधुमंडळाची सारी अंगे होती. फरक एवढाच, की येथे दार उघडे होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीवाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. लग्न ही काही लपून करावयाची गोष्ट नव्हे. मांडव घातला की सारी आळी पाहते. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीस मुलांसाठी अन्नछत्र चालवले गेले. भोरहून कात्रजचा घाट उतरून पुण्यात शिरताना हीच धनकवडी लागते. समाजाच्या अनुयायांना त्रास झाला, भटजींच्या दक्षिणेच्या हक्कावरून खटलेही झाले. पण नावे चोरून समाज मोडण्याची सोय विरोधकांना राहिली नाही, कारण नावे जगजाहीरच होती. परमहंस मंडळींनी जे बंद खोलीत एका घासाने केले, ते सत्यशोधकांनी गावाच्या डोळ्यांदेखत, लग्नमांडवात केले.

या दोन प्रयोगांतून एक गोष्ट निष्पन्न होते. संकटकाळी गुप्ततेने माणसे जमवता येतात, पण ज्या रूढीशी झगडावयाचे ती रूढी चव्हाट्यावर उभी असते. तिला उत्तरही चव्हाट्यावरच द्यावे लागते. तथापि परमहंस सभेचे ऋण नाकारता येत नाही. घास खाऊन दाखविल्याशिवाय समतेची प्रतिज्ञा पुरी होत नाही, हा धडा प्रथम तिनेच घातला.

आपल्या भागात भजनी मंडळे, तालमी, दिंड्या, मुंबई-पुण्यातील गावकरी मंडळे व महिलांचे बचत गट ही आजची बंधुमंडळे व भगिनीमंडळेच होत. वर्गणी, हजेरी, अडीनडीला धावून जाणे हे सारे त्यांत आहे. त्यांच्याकडे पाहताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. मंडळाची वही कोणालाही पाहता येते काय? गावातील प्रत्येक आळीचे नाव तीत आहे काय? आणि उत्सवाच्या पंगतीत वाढपी कोण असतो व शेवटी कोण जेवतो? या प्रश्नांची उत्तरे गावाच्या देवळात बसून मोठ्याने देता आली, तर १८४९ साली दार लावून घेतलेली ती प्रतिज्ञा आपल्या गावात पुरी झाली असे म्हणता येईल.