कोंबडीच्या खाद्यातील कुलूपबंद फॉस्फरस

ब्रॉयलर जातीचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याचे वजन सुमारे ४० ग्रॅम असते. सहा आठवड्यांत ते दोन किलोग्रॅमच्या पुढे जाते. एवढा भार पेलायला हाडे बळकट हवीत. हाडांतील खनिज मुख्यत: कॅल्शियम फॉस्फेटचे असते, म्हणून खाद्यातून फॉस्फरस मिळालाच पाहिजे. तो कमी पडला तर हाडे मऊ राहतात आणि पिल्लू लंगडू लागते.

आता गंमत पाहा. या पिल्लांच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड असते. दोहोंत फॉस्फरस आहे. तरीही डायकॅल्शियम फॉस्फेटची पूड वेगळी मिसळावी लागते. असे का?

बियांमधील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात असतो. या आम्लाच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे एक कडे असून प्रत्येक कार्बनला एकेक फॉस्फेट गट जोडलेला असतो. हे गट सुटे झाल्याशिवाय आतड्यात शोषले जात नाहीत. ते सोडवणाऱ्या विकराला फायटेज म्हणतात. सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ साली जपानमध्ये तांदळाच्या कोंड्यात त्याचा शोध लावला. बी रुजताना हेच विकर वाढते. मटकीला मोड आणले की तिच्यातील फायटिक आम्ल कमी होते, ते यामुळेच. गाईच्या पोटातील जिवाणू फायटेज तयार करतात. कोंबडीकडे मात्र ते पुरेसे नसते, आणि कुलूपबंद फॉस्फरस बराचसा विष्ठेतून बाहेर पडतो.

यात दुहेरी नुकसान आहे. डायकॅल्शियम फॉस्फेटसाठी लागणारे रॉक फॉस्फेट खाणीतून काढावे लागते. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे त्याची मोठी खाण आहे, तरी भारताला आपल्या गरजेचा बहुतेक साठा आयात करावा लागतो. दुसरीकडे, कोंबडीखतातील जादा फॉस्फरस पावसाबरोबर तळ्यांत गेला की शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. नेदरलँड्समध्ये ही अडचण फार जाणवली. तेथेच १९९१ साली अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीपासून मिळवलेले फायटेज पशुखाद्यासाठी बाजारात आले.

आता थोडे गणित करू. ठरावीक परिस्थितीत, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तापमान व ५.५ पीएच असताना, दर मिनिटाला एक मायक्रोमोल फॉस्फेट सोडवणारे विकर म्हणजे फायटेजचे एक एकक. एक किलोग्रॅम खाद्यात साधारण ५०० एकके घालतात. फॉस्फरसचा अणुभार ३१. म्हणून

५०० × ३१ = १५,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिनिटाला १५.५ मिलिग्रॅम फॉस्फरस.

एक किलोग्रॅम खाद्यात कुलूपबंद फॉस्फरस सुमारे २.५ ग्रॅम, म्हणजे २,५०० मिलिग्रॅम. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे १६१ मिनिटे. पिल्लाने एक किलो खाल्ले काय किंवा शंभर ग्रॅम खाल्ले काय, वेळ तेवढाच. कारण विकर व फॉस्फरस दोन्ही त्याच प्रमाणात कमी होतात.

प्रत्यक्षात मात्र सगळा फॉस्फरस सुटत नाही. किलोमागे साधारण एक ग्रॅम फॉस्फरसची बचत होते. कारणे सरळ आहेत. अ‍ॅस्परजिलसच्या फायटेजला आम्लयुक्त जागा मानवते आणि अशा जागी अन्न फार वेळ राहत नाही. पुढे लहान आतड्यात आम्लता घटते. फायटिक आम्ल कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा साका बनवते, आणि साक्यावर विकराचे काही चालत नाही. शिवाय फायटिक आम्ल संपत आले की विकराचा वेगही मंदावतो. म्हणून फायटेज घालताना खाद्यातील चुनखडीचे प्रमाणही जपून ठरवावे लागते.

आणखी एक अडचण उष्णतेची. विकर हे प्रथिन आहे. खाद्याच्या गोळ्या बनवताना वाफेने तापमान ८० अंशांच्या आसपास जाते आणि साधे विकर निकामी होते. त्यावर दोन उपाय आहेत: विकराच्या कणांवर संरक्षक लेप देणे, किंवा गोळ्या थंड झाल्यावर विकराचा द्राव त्यांवर फवारणे.

एक उदाहरण तुम्ही सोडवा. फायटिक आम्लाचा रेणुभार ६६० आहे आणि त्याच्या रेणूत फॉस्फरसचे सहा अणू आहेत. तर वजनाने त्यात फॉस्फरस शेकडा किती? उत्तर काढलेत म्हणजे कुलपाआड केवढा ठेवा आहे हे कळेल.