गाडी उचलावी की नाही? गुरुत्वमध्य, गतिरोधक आणि आपली रोजची एसयूव्ही



आजचा पाठ गाडीच्या पोटाखालून सुरू होतो. आम्ही चौघी शिक्षिका रोज एकाच गाडीने शाळेला जातो. गाडी माझी, सेकंडहँड एसयूव्ही. पेट्रोल चौघींच्या वर्गणीतून. शेवटचे तीन किलोमीटर कच्चा घाटरस्ता आहे आणि शाळेच्या अलीकडे पाण्याने पाडलेला एक चर. गेल्या पावसाळ्यापासून तिथे गाडी खालून घासायला लागली. खर्रर्र आवाज आला की मागच्या सीटवरच्या मॅडम पाय वर घेतात, जणू त्याने गाडी हलकी होणार आहे!

गॅरेजवाल्या दादांना दाखवली. ते म्हणाले, "मॅडम, दोन इंचाचं पॅकिंग टाकूया. गाडी कशी रुबाबात उभी राहील बघा." खर्च फार नव्हता, मोह झाला. पण वर्गात मुलांना 'आधी मोजा, मग बोला' म्हणणारी मी. म्हटलं, दादा, दोन दिवस द्या.

आधी शब्द समजून घेऊ. गाडीचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांतलं अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. आपल्याकडच्या बहुतेक लहान एसयूव्हींमध्ये ते १९० ते २१० मिलिमीटरच्या आसपास असतं. आणि 'पॅकिंग' म्हणजे स्प्रिंगच्या किंवा शॉकअबसॉर्बरच्या वर बसवलेली जाड चकती. चाकं जिथे आहेत तिथेच राहतात, वरचा सांगाडा तेवढा उंच होतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर (व्हीलबेस) २६० सेंमी आणि क्लिअरन्स २० सेंमी धरा. अशी गाडी पोट न टेकता साधारण साडेसतरा अंशांचा उंचवटा ओलांडते. दोन इंच म्हणजे ५ सेंमी उचलली, तर हाच कोन जवळपास २२ अंश होतो. वर्गात करायचं असेल तर १ सेंमी = २० सेंमी प्रमाण घ्या. पुठ्ठ्याच्या गाडीचा व्हीलबेस १३ सेंमी, पोटाची उंची १ सेंमी. उचललेल्या गाडीची सव्वा सेंमी. वहीच्या पुठ्ठ्याला मधोमध घडी घालून उंचवटा करा आणि दोन्ही गाड्या त्यावरून न्या. फायदा खराच आहे, डोळ्यांना दिसतो. दादा खोटं बोलत नव्हते.

आमच्या एका विद्यार्थ्याने इथे छान प्रश्न काढला: "बाई, मग गावातल्या गतिरोधकावर पण का घासते?" उत्तर काढताना मलाच गंमत वाटली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. त्यावर गाडी मधोमध उभी केली तर दोन चाकांमध्ये रस्ता किती वर येतो? व्हीलबेसचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट: ६.७६ भागिले १३६, म्हणजे जेमतेम ५ सेंमी. पोटाखाली २० सेंमी जागा असताना सावकाश जाणारी गाडी तिथे घासायचं कारणच नाही! घासते ती कुणीतरी रात्रीत टाकलेल्या हातभर रुंदीच्या डांबराच्या ढिगाऱ्यावर. म्हणजे दोष गाडीच्या उंचीचा की रस्त्याचा, हे आधी ठरवायला हवं.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि माझ्या मते जड बाजू. खडूचा रिकामा खोका पाटीवर आडवा ठेवा आणि पाटी हळूहळू तिरकी करा. खोका घसरेल, पण लवकर कलंडणार नाही. तोच उभा ठेवला तर पटकन पडतो. खोका तोच, वजन तेच. फक्त गुरुत्वमध्य वर गेला आणि बूड अरुंद झालं. गाडीचंही तसंच. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं निम्मं घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. उत्तर जितकं लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. समजा, निम्मं अंतर ७८ सेंमी आणि गुरुत्वमध्य ६५ सेंमीवर आहे. उत्तर १.२०. पॅकिंग टाकल्यावर चाकं खालीच राहतात, म्हणून गुरुत्वमध्य पूर्ण ५ नाही, साधारण साडेचार सेंमी वर जाईल. आता उत्तर १.१२. म्हणजे सुमारे साडेसहा टक्के घट.

साडेसहा टक्क्यांत काय होतंय, असं वाटेल. सरळ रस्त्यावर काहीच होत नाही. पण घाटाच्या वळणावर समोरून अचानक एसटी येते, आपण स्टिअरिंग झटक्यात फिरवतो, मागे तिघी बसलेल्या आणि टपावर पुस्तकांचे गठ्ठे. तिथे ते साडेसहा टक्के लागतात. माझा रस्ता महिन्याचे सगळे दिवस घाटाचा आहे, चर मात्र एकच आहे. हे गणित मांडल्यावर माझा मोह निम्मा उतरला.

उरलेला निम्मा गाडीखाली वाकून उतरला. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद नेणाऱ्या दांड्यांचे सांधे ठरावीक कोनासाठी असतात. सांगाडा वर गेला की दांड्या जास्त तिरक्या होतात, रबरी बूट लवकर फाटतात, आत माती शिरते. अलाइनमेंट बिघडते, टायर एका कडेने झिजतात. पॅकिंग फक्त पुढे टाकलं तर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि आमच्या सासूबाई! त्यांच्या गुडघ्यांना आत्ताच चढताना हात द्यावा लागतो. आणखी दोन इंच म्हणजे सोबत पाट न्यावा लागेल.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीने हाच मुद्दा काढला तर वाद घालत आपणच बसायचं.

मग मी मोजपट्टी घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजलं. पुढची दोन्ही सारखी. मागची मात्र तशाच दुसऱ्या, नव्या गाडीपेक्षा अडीच सेंमी कमी! म्हणजे मागच्या स्प्रिंगा लाखभर किलोमीटर चालून बसल्या होत्या. चौघी बसल्यावर ती बाजू आणखी चार सेंमी खाली गेली. कंपनी छापते तो आकडा बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा असतो, आपण मात्र भरलेली गाडी चालवतो. माझी गाडी ठेंगणी नव्हती, थकलेली होती.

तेव्हा कंपनीच्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि शॉकअबसॉर्बर टाकले, इंजिनाखाली पोलादी गार्ड बसवला. पॅकिंगपेक्षा खर्च जास्त झाला, हे प्रामाणिकपणे सांगते. टपावरचे गठ्ठे आता पायाशी येतात. आणि एका रविवारी गावातल्या पालकांनी ट्रॉलीभर मुरूम टाकून तो चर बुजवला.

उचलूच नये असं माझं म्हणणं नाही. वेगळ्या चासीची जीप असेल, रोज नदीपात्रातून किंवा शेतातून संथ जायचं असेल, आणि काम नियमात बसवून नीट अलाइनमेंटसकट होणार असेल, तर हिशोब वेगळा निघेल. पण नुसत्या रुबाबासाठी? माझ्या मते नाही.

करून पाहा: २१५/६५ आर १६ टायरचा व्यास किती? २१५ चे ६५ टक्के काढा, दुप्पट करा, त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिमी मिळवा. उत्तर सुमारे ६८६ मिमी. आता २१५/७० आर १६ चा काढा. सुमारे ७०७ येईल. व्यास २१ मिमी वाढला, पण गाडी उंच होईल फक्त त्याच्या निम्मी. असं का, ते चाकाची आकृती काढून मुलांकडूनच वदवून घ्या. आणि स्पीडोमीटर ६० दाखवत असेल तेव्हा खरा वेग किती झाला असेल, तेही विचारा. आमच्या वर्गात सगळ्यात आधी बरोबर उत्तर दिलं ते गॅरेजवाल्या दादांच्या मुलीने: जवळजवळ ६२.