जुना भाष्यसंच विकत घ्यावा का?



आपल्या बायबल अभ्यास गटाने आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला आहे. विल्यम बार्कले यांच्या नव्या करारावरील इंग्रजी भाष्याचा १७ खंडांचा वापरलेला संच विकत मिळतो आहे. तो गटासाठी घ्यावा का? पैसे धर्मग्रामाचे, म्हणजे आपणा सर्वांचे आहेत. म्हणून उत्तरही सर्वांसमोर द्यावे असे आम्हांला वाटते. शिवाय हा प्रश्न एका संचापुरता नाही. कोणाला नातेवाइकाच्या कपाटात जुने भाष्य सापडते, कोणाला रद्दीच्या दुकानात. ‘जुने आहे, म्हणजे चांगलेच असणार’ असे काही जण म्हणतात. ‘जुने आहे, आता त्याचा काय उपयोग?’ असे दुसरे म्हणतात. दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

बार्कले हे स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक आणि ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक होते. १९७८ साली त्यांचे निधन झाले. १९५०च्या दशकात त्यांनी सामान्य भाविकांसाठी हे भाष्य लिहिले. रोज थोडा उतारा, त्याचा अर्थ आणि त्यावर चिंतन अशी त्याची मांडणी आहे. ते कॅथलिक नव्हते. तरीही अनेक कॅथलिक धर्मगुरूंच्या टेबलावर त्यांचे खंड दिसतात. असे का, हे समजले की आपला प्रश्न निम्मा सुटतो.

भाष्याची तीन कामे

भाष्यग्रंथ आपल्याला तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतो. पहिली, मूळ भाषेत या शब्दाचा अर्थ काय. दुसरी, त्या काळचे लोक आणि त्यांच्या रीती कशा होत्या. तिसरी, यातून आपण काय मानावे आणि कसे जगावे. वाचताना या तिन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात मिसळलेल्या असतात, पण त्यांची पारख एकाच मापाने होत नाही. एखादा भाष्यकार पहिल्या कामात उत्तम आणि तिसऱ्या कामात आपल्याला न पटणारा असू शकतो.

शब्दांचा अर्थ

पहिल्या कामात बार्कले फार उपयोगी आहेत. पवित्र आत्मा आपल्याला ‘अर्राबोन’ म्हणून दिला आहे, असे प्रेषित पौल लिहितात (२ करिंथ १:२२, इफिस १:१४). इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या जुन्या ग्रीक कागदपत्रांत हा शब्द खरेदीविक्रीच्या व्यवहारात येतो. त्याचा अर्थ आपण जमिनीच्या व्यवहारात देतो तो इसार! इसार घेतला की सौदा पक्का, उरलेली रक्कम येणारच. पवित्र आत्मा हा स्वर्गीय जीवनाचा इसार आहे, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण मत्तय ६:२ चे. गाजावाजा करून दानधर्म करणाऱ्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे, असे प्रभू म्हणतो. तेथला ग्रीक शब्द त्या काळच्या पावत्यांवर ‘पूर्ण रक्कम पोचली’ या अर्थाने लिहीत. लोकांची वाहवा मिळाली, पावती फाडली, हिशेब संपला. देवाकडे आता काही येणे उरले नाही. असे ज्ञान सत्तर वर्षांनी शिळे होत नाही.

श्रद्धेचा निर्णय

तिसऱ्या कामात मात्र सावध राहिले पाहिजे. प्रभू येशूचा जन्म कुमारी मरियेपासून झाला, हे अक्षरशः मानायचे की नाही, याचा निर्णय बार्कले वाचकावर सोडतात. आपण तो सोडत नाही. दर रविवारी मिस्सामध्ये विश्वासांगीकार म्हणताना आपण ते सत्य उभे राहून कबूल करतो. पाच हजारांना भाकरी देण्याच्या घटनेचे ते तीन संभाव्य अर्थ मांडतात. खरोखरचा चमत्कार, ख्रिस्तशरीराच्या भोजनासारखे पवित्र भोजन, किंवा लोकांनी आपापल्या शिदोऱ्या उघडून वाटून घेणे. मन उदार होणे ही मोठीच गोष्ट आहे. पण शुभवर्तमानकार शिदोऱ्यांची गोष्ट सांगत नाहीत, प्रभूने काय केले ते सांगतात. योहानाच्या सहाव्या अध्यायात याच घटनेनंतर जीवनाच्या भाकरीची शिकवण येते. चमत्कार पुसट केला, तर वेदीवरच्या भाकरीविषयीची आपली श्रद्धाही हळूहळू पुसट होते.

हा केवळ पंडितांचा वाद नाही. गटातील कोणी हे वाक्य वाचतो, पुढच्या रविवारी तो धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो आणि दहा वर्षांचे मूल ते चर्चची शिकवण समजून घरी नेते. पुस्तक कपाटातून निघते आणि मुलाच्या श्रद्धेत जाऊन बसते. म्हणून त्याची पारख आधीच करायची.

काळाबरोबर बदललेले ज्ञान

दुसऱ्या काम जुन्या भाष्यांत सर्वांत लवकर झिजते. परुशी आणि यहुदी धर्म यांचे जुन्या भाष्यांतले चित्र बहुधा काळेकुट्ट असते. नुसते नियम आणि ढोंग. बार्कलेही यातून पूर्णपणे सुटलेले नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या दस्तऐवजात स्पष्ट केले, की प्रभूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. १९७७ साली ई. पी. सँडर्स या अभ्यासकाच्या ग्रंथानंतर पौलाच्या काळच्या यहुदी धर्माकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टीही बरीच बदलली. बार्कले यांचे लेखन त्याआधीचे आहे. कोकणात मराठी बोलणारे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या आपले शेजारी राहिले आहेत. त्यांच्याविषयी आपल्या मुलांच्या मनात पुस्तकातून विष जाता कामा नये.

कॅथलिक भाष्य असले म्हणजे जुनेपणाचा दोष नसतो, असेही नाही. मरिया माग्दालेना ही लूक ७ मधील पापी स्त्रीच होय, असे पोप ग्रेगरी महान यांनी ५९१ साली प्रवचनात सांगितले, आणि पश्चिमेतील पुष्कळ जुनी भाष्ये तेच सांगत आली. शुभवर्तमानात तसे कोठेही लिहिलेले नाही. पूर्वेकडील ख्रिस्तसभेने या दोघींना वेगळेच मानले. १९६९ साली रोमन पंचांगात सुधारणा झाली, आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांप्रमाणे सणाचा दर्जा दिला. पुनरुत्थानाची पहिली वार्ता नेणाऱ्या स्त्रीला शतकानुशतके न केलेल्या पापाचे नाव चिकटून राहिले. भाष्यातील एक चुकीची टीप किती लांब जाते, ते यावरून दिसते.

मग घ्यावा का?

आमचे उत्तर असे आहे: घ्यावा, पण पहिला ग्रंथ म्हणून नव्हे.

गटाच्या कपाटात आधी एक पूर्ण कॅथलिक भाष्य असावे. ‘जेरोम बिब्लिकल कॉमेंटरी’ १९६८ साली निघाली, तिची नवी आवृत्ती १९९० साली आणि एकविसाव्या शतकासाठीची आवृत्ती २०२२ साली आली. १९९० ची आवृत्ती बेंगळुरूच्या थिऑलॉजिकल पब्लिकेशन्स इन इंडियानेही छापली आहे. तिच्यात जुना आणि नवा दोन्ही करार आहेत. बार्कले यांच्या संचात फक्त नवा करार आहे. ती वाचायला जड आहे, हे खरे. म्हणूनच तिच्याशेजारी बार्कले शोभतात. एक पाया देते, दुसरे चव आणतात. आणि ज्यांना इंग्रजी जड जाते, त्यांच्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मराठीत आहेच.

संच घेण्यापूर्वी गटाने पुढील गोष्टी पाहाव्यात:

१. सतराही खंड आहेत का? चार शुभवर्तमानांचे खंड नसतील, तर घेऊ नये.

२. पाने ओल आणि कसर यांपासून वाचली आहेत का? आपल्या पावसाळ्यात एक कसर लागलेले पुस्तक सगळे कपाट बिघडवते.

३. गटात इंग्रजी वाचून मराठीत समजावून सांगणारे निदान दोघे आहेत का? नसतील तर संच शोभेपुरता राहील.

४. मत्तय १, मत्तय २७ आणि योहान ६ वरची पाने आधी वाचावीत आणि ‘कॅथलिक चर्चची धर्मशिक्षा’ (१९९२) या ग्रंथातील परिच्छेद ४९६ ते ४९८ व ५९७ यांच्याशी ताडून पाहावीत. फरक दिसेल तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि तो गटात बोलून दाखवावा.

मॅथ्यू हेन्री किंवा हेडॉक यांची याहून जुनी भाष्ये आणि संत थॉमस अक्वायनस यांची ‘कातेना आउरेआ’ कोणी मोठ्या किमतीला देऊ केली, तर थांबावे. त्यांचा इंग्रजी मजकूर इंटरनेटवर मोफत वाचता येतो.

येत्या आठवड्यात प्रत्येक घराने योहान ६:१-१५ भाष्याशिवाय, सावकाश, मोठ्याने वाचावे. काय कळले आणि काय अडले, ते लिहून ठेवावे. भाष्य अडलेल्या ठिकाणी हात द्यायला असते. आपल्याऐवजी वाचायला नसते. देववचन ऐकून ते पाळण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो.

आपले धर्मगुरू