भाजलेल्या रताळ्यांचे भरीत

रताळी खणताना कुदळीचा घाव लागलेले, मोडलेले व बोटाएवढे राहिलेले कंद बाजारात पाठविण्याजोगे नसतात. आषाढी एकादशी व महाशिवरात्र यांच्या आधी मागणी चांगली असते. पण तेव्हाही व्यापारी मोठा व अखंड मालच निवडून घेतो. घाव लागलेले रताळे फार दिवस टिकत नाही. म्हणून असा माल काढणीच्या आठवड्यातच घरी वापरावा, आणि त्याचा उत्तम उपयोग म्हणजे भरीत होय. कन्नड तालुक्यातील पिशोरच्या बाजूस मका, कापूस व अद्रक यांचा भर असून रताळे हे तेथील मुख्य पीक नव्हे. तथापि परसात किंवा पाटाच्या कडेस थोडे वेल लावल्यास घरापुरते कंद मिळतात, आणि भरितास लागणारे अद्रक तर शेतातलेच असते.

प्रथम निवड करावी. या कामी हयगय करू नये. कुदळीचा ताजा, स्वच्छ घाव असलेले रताळे खाण्यास चांगले असते. परंतु सोंडकिडीने पोखरलेले किंवा बुरशी धरलेले रताळे भरितात मुळीच घालू नये. कीड वा बुरशी लागली म्हणजे कंद स्वसंरक्षणार्थ कडू द्रव्ये तयार करतो. त्यांपैकी आयपोमिअमॅरोन हे यकृतास अपायकारक असून शिजविल्याने वा भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही. नासका भाग कापून टाकला तरी लगतच्या चांगल्या दिसणाऱ्या गरात ते असू शकते. असा माल गोठ्यात टाकण्याची चाल तर अधिकच घातक आहे. बुरशी लागलेल्या रताळ्यांत फुप्फुसांस इजा करणारे द्रव्यही निर्माण होते. जनावरास धाप लागते व ते दगावू शकते. ग्रामकार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी चांगले व किडके रताळे शेजारी शेजारी चिरून दाखवावे. किडके कंद खोल पुरावेत.

भाजण्यासाठी जाळ नको, फुफाटा हवा. पऱ्हाट्यांचा विस्तव लवकर विझतो. बाभळीचे निखारे बरे. अर्धा किलो रताळी धुऊन, कोरडी करून, सालीसकट गरम राखेत पुरावीत व मधून मधून फिरवावीत. हळूहळू तापताना कंदातील पिष्टाचे माल्ट-साखरेत रूपांतर होते. म्हणूनच घाईने उकडलेल्या रताळ्यापेक्षा सावकाश भाजलेले रताळे गोड लागते. काडी सहज आत शिरली की काढावे.

साल काढून गर हाताने कुस्करावा. निवल्यावरच एक वाटी दही, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, किसलेले अद्रक, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ घालावे. वरून तेलात मोहरी-जिऱ्याची फोडणी द्यावी. उपवास असल्यास तुपात नुसते जिरे घालावे. भाकरीच्या तुकड्याने उचलता येईल इतपतच ते सैल असावे. याच रीतीने गाजराचेही भरीत होते. सुरण मात्र चिंचेसह चांगले शिजवूनच खावे, नाहीतर घसा खवखवतो.

दही व कूट हे केवळ रुचीसाठी नव्हेत. रताळ्यात पिष्ट पुष्कळ, प्रथिने थोडी; ती उणीव या दोहोंमुळे भरून निघते. आपल्याकडील पांढऱ्या गराच्या रताळ्यात कॅरोटीन नाममात्र असते. नारिंगी गराच्या रताळ्यात ते भरपूर असून शरीरात त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनते; त्याच्या अभावी लहान मुलांना रातांधळेपणा येतो. केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेच्या 'भू सोना' या 2017 मध्ये प्रसारित झालेल्या वाणात 100 ग्रॅममागे सुमारे 14 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. आफ्रिकेत अशा रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना 2016 चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. कॅरोटीन अंगी लागण्यास स्निग्धांश लागतो, म्हणून मुलांच्या वाट्याच्या भरितातील फोडणी वगळू नये. मिरची हवी तर वगळावी.

दही घातलेले भरीत त्याच दिवशी संपवावे. उद्यासाठी ठेवायचे असल्यास भाजलेली रताळी सालीसकट थंड जागी झाकून ठेवावीत व दही आयत्या वेळी मिसळावे.